प्रोकोपिसच्या चाळिसाव्याला आलेलं जहाज

आमच्या बेटावर जहाज येणार असं कळल्यावर सगळ्यात आधी काय झालं असेल, तर नगराध्यक्षांनी नवा सूट शिवून घेतला. बंदरावर संडास नव्हता, नळाला दिवसाआड पाणी, धक्का तर नव्हताच. पण सूट तयार. आणि जहाज काही आमच्या प्रेमापोटी येत नव्हतं. शेजारच्या बेटाचा धक्का दुरुस्तीला निघाला, म्हणून कंपनीनं ते एका रविवारपुरतं आमच्याकडे वळवलं होतं. मोठीला बघायला पाहुणे यावेत आणि ती तापानं फणफणली म्हणून घरच्यांनी धाकटीला पुढे करावं, तशी आमची गत. पण धाकटीचा तोरा काय वर्णावा! भिंतींना चुना लागला, मांजरांना आंघोळी घातल्या, आणि जन्मात कुणाला गुड मॉर्निंग न म्हटलेली माणसं आरशासमोर गुड मॉर्निंग घोकायला लागली.

मी गारिफालिया. चर्चच्या चौकात माझं कॉफीचं हॉटेल आहे. तरुणपणी मेलबर्नला जाऊन दुसऱ्याच्या हॉटेलात मासे तळले, तेवढंच माझं शिक्षण. पण त्यामुळे इंग्रजी येतं. इतकी वर्षं त्या इंग्रजीला इथे कुत्रं विचारत नव्हतं. जहाज येणार म्हटल्यावर मी एकदम विदुषी झाले. माझ्या नवऱ्यानं, मिल्तोसनं, फ्रिजला चिकटवायच्या डॉल्फिनची दोन खोकी बाहेरून मागवली. आमच्या समुद्रात मी आजवर एक डॉल्फिन पाहिलेला नाही. "पाहुण्यांना काय कळतंय," म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं म्हणा, आम्हालाच कुठे काय कळत होतं.

आता घोळ असा, की ज्या रविवारी जहाज येणार, त्याच रविवारी प्रोकोपिसचा चाळिसावा.

आमच्यात मानतात, की माणूस गेला तरी चाळीस दिवस त्याचा जीव ओळखीच्या जागांभोवती घुटमळतो आणि मग वर त्याचा निकाल लागतो. म्हणून त्या सुमाराला चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना करायची आणि आलेल्यांना कोलिवा वाटायचा. उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे, मनुका, बदाम, दालचिनी, आणि वर पिठीसाखरेचा गुळगुळीत थर. खाणाऱ्यानं चमचा तोंडात घालायचा आणि म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. जितकी तोंडं म्हणतील, तितका त्या बिचाऱ्याचा निकाल सोपा. नंतर माझ्याकडे कडू कॉफी आणि घोटभर ब्रँडी. हे सगळं खरं की खोटं मला विचारू नका. पण मी मेले तर माझा कोलिवा झालाच पाहिजे, हे मिल्तोसला मी बजावून ठेवलंय.

प्रोकोपिसला या क्षमेची गरज इतरांपेक्षा जरा जास्तच होती. तो साधा कोळी. त्याचा गुन्हा काय, तर त्यानं कोर्टात जाऊन धक्का अडवला. म्हणाला, खाडीत सिमेंट ओतलंत तर तळाचं गवत मरेल आणि गवताबरोबर मासे. म्हणणं खरं होतं की नाही, ते विचारायला कुणाला सवड नव्हती. धक्का अडला, जहाजं शेजारच्या बेटावर गेली, आणि तिकडच्या लोकांनी घरांवर मजले चढवले. आमच्या गावानं प्रोकोपिसशी बोलणं टाकलं. त्याच्याकडून कुणी मासे घेईना. कुणीतरी त्याच्या होडीत मेलेला उंदीर टाकला. मी नाव घेत नाही, तो माणूस चर्चमध्ये मेणबत्त्या विकतो.

आणि ज्याचा धक्का अडवला तो नगराध्यक्ष कोण? स्तामातिस. प्रोकोपिसचा सख्खा धाकटा भाऊ. धक्का हे त्याचं निवडणुकीतलं वचन होतं. त्या दिवसापासून दोघा भावांत शब्द नाही. एकाच्या दाराला दुसऱ्याची खिडकी, तरी नाही. प्रोकोपिस गेला, त्या दिवशी स्तामातिसला मोठ्या बेटावर तातडीची बैठक निघाली. दफनाला मोजकी माणसं होतो आम्ही. शवपेटीला खांदा द्यायला पाद्रीबुवांना झगा खोचून यावं लागलं.

हे त्या बाईनं, एवांथियानं, प्रोकोपिसच्या बायकोनं, डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा ती काही बोलली नाही. चाळिसाव्याच्या आदल्या आठवड्यात मात्र माझ्या हॉटेलात येऊन बसली आणि म्हणाली, "गारिफालिया, कॉफी सगळ्या गावाची धर."

"अगं, कुठलं गाव?" मी म्हटलं. "जे दफनाला आलं नाही ते?"

"तेच."

तेवढ्यात स्तामातिस आत आला. वहिनी इथे बसलेली असेल असं त्याला वाटलं नसावं. पण आल्यावर माघारी कसा फिरणार, नगराध्यक्ष पडला. उभ्या उभ्याच म्हणाला, "बरं झालं भेटलात, वहिनी. मी म्हणत होतो, ते चाळिसाव्याचं तुम्ही पुढच्या रविवारी करा की."

"लवकर केलेला चालतो, उशिरा केलेला चालत नाही," एवांथिया म्हणाली. "तुला माहीत आहे. तुझ्या आईचा तूच लवकर उरकलास, निवडणूक होती म्हणून."

मी कप विसळायचे थांबले. असलं काही ऐकताना नळाचा आवाज मध्ये नको.

"अहो, पण जहाज येतंय!"

"मग जहाज पुढे ढकल. तू नगराध्यक्ष ना?"

"वहिनी, थट्टा नका करू. पाहुणे हौसेनं उतरणार आणि समोर काय, तर काळे कपडे आणि रडारड?"

"रडायला कोण येतंय रे?" ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज खाली आला. "हे बघ, स्तामातिस. बाकी कुणी नाही आलं तरी माझं चालेल. तू ये. एक चमचा खा आणि भावासाठी ते चार शब्द म्हण. सख्खा भाऊच म्हणाला नाही, तर वर कुणी कशाला ऐकेल? तेवढं कर, मग नाच हवं तर त्या जहाजापुढे."

"त्यानं मला कुठे तोंड दाखवायला जागा ठेवली नाही," स्तामातिस म्हणाला. "मी नाही म्हणणार."

"अरे, तो गेला."

"गेला. पण धक्का झाला का?"

आणि निघून गेला. कॉफीही न घेता. मला वाटलं, हातातला कप त्याच्या त्या नव्या कोटावर फेकावा. पण कप माझा होता. एरवी एवढं बोलणारी एवांथिया नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा स्तामातिस अर्ध्या चड्डीत होता, आणि त्याच्या शाळेचे डबे हिनंच भरले होते. आता तो मोठा माणूस झाला. मोठ्या माणसांचे डबे कुणी भरले हे विसरायचं असतं, नाहीतर मोठं होऊन उपयोग काय.

दुसऱ्या दिवशी एवांथियानं चाळिसाव्याच्या सूचना छापून आणल्या. आमच्याकडे काळ्या चौकटीचा कागद विजेच्या खांबांवर लावतात: अमक्याचा चाळिसावा, अमक्या वेळी, सर्वांनी यावं. तिनं एकेक खांब गाठून स्वतःच्या हातानं चिकटवल्या. संध्याकाळपर्यंत नगरपालिकेची माणसं हिंडली आणि त्याच खांबांवर, त्याच जागी, सुस्वागतमचे कागद चिकटवून गेली. निळे, मधोमध हसरा सूर्य. पण आमच्या नगरपालिकेचं काम ते! स्वागताचा कागद निघाला सूचनेपेक्षा बोटभर लहान. त्यामुळे गावभर प्रत्येक खांबावर काळ्या चौकटीत बसवलेलं सुस्वागतम. पाहुणे म्हणाले असतील, वा, काय सुबक.

कागद झाकले गेल्यानं गावाची मात्र फार सोय झाली. ज्याला त्याला म्हणायला मोकळं, अगंबाई, रविवारीच होता का? आम्हाला कळलंच नाही.

शनिवारी सकाळपासून मी एवांथियाच्या स्वयंपाकघरात होते. तिनं लग्नातलं पातेलं काढलं होतं. गहू उकडून सगळ्या घरभर चादरींवर वाळत घातलेले. पलंगावर गहू, टेबलावर गहू, प्रोकोपिसच्या खुर्चीवर गहू.

"वेडी आहेस का तू?" मी म्हटलं. "हे खाणार कोण? मी खाऊन खाऊन किती खाईन?"

"डाळिंब सोल," ती म्हणाली.

सोलली. दुसरं काय करणार. तिनं साखरेचा थर कागदानं दाबून दाबून असा सपाट केला, की मांजर घसरावं. मग चांदीच्या गोळ्यांनी क्रूस काढला आणि खाली प्रोकोपिसच्या नावाचं पहिलं अक्षर. ते अक्षर काढताना एक गोळी घरंगळली, आणि तेव्हाच एकदा काय ती रडली. मी डाळिंबाकडे बघत राहिले. मलाही रडू येत होतं, पण दोघी रडलो असतो तर साखर भिजली असती.

रविवारी उजाडलं आणि जहाज दिसलं. पांढरंफेक, आमच्या अख्ख्या गावापेक्षा उंच. धक्का नाही म्हणून ते बाहेरच नांगर टाकून उभं राहिलं आणि लहान नावांमधून माणसं किनाऱ्याला आणायला लागलं. म्हणजे बघा, धक्क्यावाचून काही अडलं नाही. पण हे त्या दिवशी बोलायची सोय नव्हती.

स्तामातिसनं पाद्रीबुवांना निरोप धाडला होता, की मर्तिकाची घंटा संथ वाजवू नका, पाहुण्यांचं मन खट्टू होतं. पाद्रीबुवांना नगरपालिकेकडून छप्पर दुरुस्त करून घ्यायचं होतं. त्यांनी घंटा धडाधड वाजवली, लग्नात वाजवतात तशी. प्रोकोपिसला वरून वाटलं असेल, आपली बायको दुसरं लग्न करते की काय.

चर्चमध्ये कोण? एवांथिया, मी, पाद्रीबुवा, आणि मेणबत्त्या विकणारा तो माणूस, कारण मेणबत्त्यांचं कपाट सोडून त्याला कुठे जाता येत नव्हतं. एवांथिया सारखी दाराकडे बघत होती. कुणाची पावलं वाजली की मान वळायची. एकदा एक बाई आली, शौचालय कुठे विचारून गेली. पाद्रीबुवांनी प्रार्थना अशी उरकली, की मध्ये श्वास कधी घेतला देव जाणे. मग झगा काढून ते आतल्या चित्रांवरची धूळ झटकायला पळाले, कारण पाहुण्यांना ती तिकीट लावून दाखवायची होती.

आम्ही दोघी दोन बाजूंनी ताट धरून बाहेर आलो. दारात उभं राहून वाटायची पद्धत. पण वाटायचा कुणाला? चौकात चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव खाली बंदरावर, जो तो आपापल्या टेबलामागे. एवांथिया तशीच उभी राहिली. ताट जड, पण ती हलेना.

"येईल," म्हणाली. "अजून वेळ आहे."

"अगं, हात मोडतील. ठेव तिकडे."

तिकडे म्हणजे चौकाच्या मधोमध एक टेबल मांडलं होतं. पांढरं कापड, फुलदाणी, कागदी बशा, चमच्यांचा ढीग, सगळं होतं, फक्त खायला काही नव्हतं. त्याचं असं झालं, की पाहुण्यांना वाटलेल्या नकाशावर स्तामातिसनं छापून घेतलं होतं: चर्चच्या चौकात स्थानिक मिठाई, मोफत. मिठाई करायची महिला मंडळानं. पण मंडळाच्या बायकांनी विचार केला, फुकट वाटायची मिठाई दुसरी कुणीतरी करेल, आपण विकायची करू. प्रत्येकीनं हाच विचार केला. एकमतानं चालणारं मंडळ आहे आमचं.

आम्ही ताट त्या टेबलावर ठेवलं. आणि तेवढ्यात पायऱ्यांवरून पहिला घोळका वर आला, हातात नकाशे, घामाघूम. सगळ्यात पुढे लाल टोपीची एक म्हातारी बाई. तिनं नकाशा पाहिला, टेबल पाहिलं, आणि खूश झाली.

"हे काय आहे?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"गहू, डाळिंब, बदाम, मनुका," मी म्हटलं, "आणि एक मेलेला माणूस."

ती दोन पावलं मागे सरली. मग मी तिला नीट सांगितलं. हा मिठाईचा स्टॉल नव्हे, बाई. या बाईचा नवरा गेला, हे त्याच्या नावाचं आहे. खायचं आणि त्याच्यासाठी क्षमा मागायची, एवढीच याची किंमत. मिठाई हवी असेल तर खाली जा, आमचं अख्खं गाव तुम्हाला लुबाडायला बसलंय.

ती गेली नाही. एवांथियाकडे बघत राहिली. मग विचारलं, "कसा होता तो?"

"हट्टी गाढव," मी म्हटलं.

एवांथियाला इंग्रजी येत नाही, पण माझं तोंड वाचता येतं. "काय सांगितलंस गं?"

"फार सज्जन होता म्हटलं."

"खोटारडी."

लाल टोपीवाली म्हणाली, "माझाही तस्साच होता." आणि चमचा उचलला. खाल्लं. मला वाटलं, गोड म्हणेल, छान म्हणेल, फोटो काढेल. तिनं टोपी काढून हातात घेतली, त्याचं नाव विचारून घेतलं, आणि आपल्या भाषेत हळू म्हणाली, देव प्रोकोपिसला क्षमा करो. मग मला विचारते कशी, "माझ्या हॅरॉल्डसाठी म्हटलं तर चालेल का? आमच्याकडे असलं काही नसतं."

मी एवांथियाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हण म्हणावं. पुष्कळ आहे."

झालं. जहाजावरच्या लोकांना एक सवय असते, रांग दिसली की उभं राहायचं आणि काय मिळतंय ते मागून विचारायचं. लाल टोपीवालीनं मागच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या मागच्याला, आणि बघता बघता रांग पायऱ्या उतरून गल्लीत गेली. मी बोलून बोलून घशाला कोरड पाडून घेतली. एका बाबानं विचारलं, यात ग्लुटेन आहे का? गव्हाच्या डोंगरासमोर उभा राहून विचारत होता. एकानं ताटाबरोबर स्वतःचा फोटो काढला आणि खाल्ल्यावर तो पुसून टाकला, का ते सांगितलं नाही. एक धिप्पाड गडी म्हणाला, मी देव मानत नाही. एवांथियानं मला म्हणायला लावलं, तू नको मानू, प्रोकोपिसही फारसा मानत नव्हता, तू फक्त म्हण. त्यानं मुकाट म्हटलं. कुणी आईचं नाव जोडलं, कुणी मुलाचं.

गर्दी पाहिल्यावर पाद्रीबुवा बाहेर आले. झगा घातला आणि सगळी प्रार्थना पहिल्यापासून, संथ, सुरात, मध्ये श्वास घेत म्हटली. एवढा गोड गळा आहे त्यांचा, आणि आम्हाला पत्ता नाही.

खाली बंदरावर काय चाललं होतं, ते मला मिल्तोसनं सांगितलं. काही नाही, असं चाललं होतं. नावा रिकाम्या होत होत्या, माणसं उतरत होती आणि सरळ वर जात होती. डॉल्फिनकडे कुणी ढुंकून बघेना. शेवटी मिल्तोसच वर आला, गिऱ्हाइकं कुणी पळवली ते बघायला. पायरीवरूनच ओरडला, "अगं, हे काय लावलंय? इथे काय फुकट—"

तेवढ्यात पाहतो, तर एवांथिया चमचा भरून त्याच्यासमोर उभी होती.

आता आमच्यातलं एक सांगते. कोलिवा समोर धरला आणि नाही म्हटलं, असं आजवर झालेलं नाही. घरी बसून न येणं वेगळं. त्याला कारणं असतात, पाठ धरते, बैठक निघते. पण चर्चच्या दारात, मयताच्या बायकोच्या हातचा चमचा तोंडासमोर असताना मान फिरवायची, म्हणजे मेलेल्याला उघड उघड शाप द्यायचा. तेवढी छाती कुणाला आहे? आणि वर पाहुणे बघतायत.

मिल्तोसनं खाल्लं. म्हणाला. मग खाली जाऊन त्यानं काय सांगितलं कोण जाणे, एकेक जण वर यायला लागला. औषधवाला आला. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या, आपल्या बदामाच्या मिठाईचं खोकं काखेत मारून. शाळामास्तर आला. सगळे यायचे तावातावानं, आणि चमच्यासमोर आले की मवाळ व्हायचे. ते चार शब्द बाहेर पडेपर्यंत एवांथिया नुसती बघत राहायची. अध्यक्षीणबाईंनी ते दातातल्या दातात म्हटलं, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, एवांथियाच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. मेणबत्तीवाला सगळ्यात शेवटी आपलं कपाट सोडून आला. त्यानं दोनदा म्हटलं. आजूबाजूच्यांना कारण ठाऊक होतं.

मला हसू येत होतं, आणि आनंदही होत होता, खोटं कशाला बोलू. पण एवांथियाचं लक्ष माणसांत नव्हतं. चमचा भरताना, पुढे करताना, गळ्यात पडलेल्यांना थोपटताना ती पायऱ्यांकडे बघत होती.

स्तामातिस कुठे होता? पाण्याच्या काठाला, सूट घालून, हातात गावाचं मानचिन्ह घेऊन कॅप्टनची वाट बघत. पितळेचं मानचिन्ह, त्यावर न झालेल्या धक्क्याचं चित्र. कॅप्टन काही उतरला नाही. उन्हात इतका वेळ उभं राहिल्यावर एक पोरगेला अधिकारी आला, मानचिन्ह घेतलं, हात मिळवला आणि नावेत बसून गेला.

मग जहाजाचा भोंगा झाला. पाहुणे उतरणीला लागले, हनुवट्यांना साखर लागलेली. लाल टोपीवालीनं जाताना एवांथियाचे दोन्ही हात धरले. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, तरी बराच वेळ बोलत होत्या. चौकात आमचं गाव तेवढं उरलं, माझी कडू कॉफी पीत. आणि तेव्हा स्तामातिस वर आला. लालबुंद, कॉलर भिजलेली.

आता हा आग पाखडणार, असं मला वाटलं. पण तो राजकारणी गडी. गर्दी पाहिली, टेबल पाहिलं, आणि आवाजात लोणी आणलं.

"वहिनी, कमाल केलीत! तो अधिकारी सांगत होता, उतरलेल्या सगळ्यांना हेच आवडलं. अस्सल काहीतरी मिळालं म्हणाले. आता असं करू, पुढच्या जहाजालाही ठेवू. दर जहाजाला ठेवू! खर्च नगरपालिकेचा."

"होईल की," एवांथिया म्हणाली. "फक्त दर वेळी एक मेलेला लागतो. तुझं नाव कितव्या जहाजाला धरू?"

चौक फुटला हसून. पाद्रीबुवांना ब्रँडीचा ठसका लागला. स्तामातिसही हसला, सवयीनं. नगराध्यक्षाला लोक हसले की हसावंच लागतं. हसता हसता त्याची नजर ताटात गेली. क्रूस गेला होता, अक्षर गेलं होतं. कडेला साखरेची रेघ तेवढी होती. त्याचं हसू तिथेच राहिलं.

"मला?" त्यानं विचारलं.

"संपलं."

"चमचाभरही नाही?"

"सगळ्या गावानं खाल्लं," ती म्हणाली. "आणि तुझ्या जहाजानं. परक्यांनी खाल्लं रे, त्याचं नावसुद्धा आज पहिल्यांदा ऐकलेल्यांनी. तुझी वाट बघून बघून वाढलं मी."

कॉफीचे कप हातातल्या हातात राहिले. स्तामातिस टेबलापाशी आला. मग त्यानं त्या नव्या सुटाची बाही वर सारली, बोट जिभेला लावलं आणि ताटाच्या कडेनं फिरवलं. थोडी साखर, बदामाचा तुकडा, गव्हाचा एखादा दाणा. ते तोंडात घातलं. खूप वेळ चावत होता, चावायला काही नसताना. मग मान खाली घालून ओठांतल्या ओठांत पुटपुटला.

"काय?" एवांथिया म्हणाली.

"म्हटलं ना, वहिनी."

"मोठ्यानं म्हण. शेवटी शेवटी त्याला ऐकू कमी यायचं. तुला कुठून माहीत असणार."

त्यानं तोंड उघडलं, आणि आवाज असा फुटला, की खाली शेवटच्या नावेत बसलेली माणसं माना वळवून वर बघायला लागली. देव त्याला क्षमा करो. पुन्हा म्हणाला. पुन्हा म्हणाला. हळूहळू ते शब्दही गळाले, आणि तो नुसता भावाला हाका मारत राहिला. एवांथियानं त्याला थांबवलं नाही.